‘जन्म कधीचा?’ विचारणारी गयाआक्का

गयाआक्का कोणतीही वस्तू आधी मागच्या बाजूने पाहायची. पंखा असो, कुकर असो, नाहीतर शिलाई मशीन. दुकानदार चकचकीत बाजू पुढे करून बोलत असायचा आणि आक्का त्याला वळसा घालून पलीकडे उभी. "तोंड सगळ्यांचंच चांगलं असतंय," म्हणायची. मग त्या वस्तूवर पंजा ठेवायची, जरा हलवायची, आणि विचारायची, "जन्म कधीचा?"

"मावशी, पंख्याचा कसला आलाय जन्म?" आष्टीच्या बाजारात एका दुकानदाराने हसून विचारलं होतं.

"मंग काय आभाळातून पडला का?"

बँकेने माझी बदली आष्टीला केली तेव्हा नवरा आणि मुलगी संभाजीनगरला ठेवून मी एकटीच आले. मला सगळ्याच गोष्टींच्या याद्या करायची सवय आहे. खोली शोधायचीही केली होती: पाणी किती वेळ येतं, जिना कसा, दाराला आतून कडी आहे का. गयाआक्काच्या घरी वरची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून मी यादी हातात धरून तिच्या अंगणात उभी राहिले. पहिला प्रश्न विचारणार, तोवर आक्का माझ्या मागे जाऊन उभी राहिली होती.

"जिना चढा बरं."

मी चढले. वरून खाली पाहिलं तर ती समाधानाने मान हलवत होती. "पाय घासत न्हाई तुम्ही. घासणाऱ्या माणसाला मी खोली देत न्हाई, मॅडमबाई. आवाजानं डोकं उठतंय."

माझी यादी पर्समध्येच राहिली. खोली मिळाली, आणि ‘मॅडमबाई’ हे नावही.

आक्काचं माहेर आणि सासर दोन्ही मेंढरंवाल्यांचं. आता सगळे शेतीत आणि नोकऱ्यांत स्थिरावले होते, तरी घरामागे तिने मोजकी मेंढरं ठेवली होती. "रिकाम्या हाताला वाईट सवयी लागत्यात," हे तिचं कारण. वस्तू पारखायची तिची पद्धत कुठून आली, ते तिनेच एकदा शेंगा फोडता फोडता सांगितलं. तिच्या वडिलांची नजर लवकर गेली. भाऊ नव्हता. मग बाजारात वडिलांचा हात धरून हिलाच जावं लागे. ती एकेक जनावर मोठ्याने वर्णन करून सांगायची आणि वडील ऐकून भाव ठरवायचे. "समोरून सांगितलं की बाप म्हणायचा, हे तर विकणारा बी सांगतोय. मागून सांग." पुढे वडील गेले. आक्काची सवय मात्र सुटली नाही.

सूनही तिने अशीच पारखली. मुलीकडचे पोहे घेऊन बसलेले, पाहुणे शिक्षण विचारतायत, आणि आक्का उठून मागच्या दाराने गल्लीत गेली. तिथे मुलगी पाहुण्यांच्या वाहनांना जागा व्हावी म्हणून स्वतःची स्कूटर त्या अरुंद बोळातून मागे घेत होती. एकदाही भिंतीला न घासता. आक्का आत येऊन म्हणाली, "आमचं जमलं." ती सुनीता. सासूला ती आत्याबाई म्हणायची आणि तिच्याशी बरोबरीने भांडायची. आक्काला तेही आवडायचं.

पुढे त्या पारखीचा फार उपयोग झाला. आक्काच्या नवऱ्याची, आबांची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि दर मंगळवारी, शुक्रवारी जालन्याला डायलिसिससाठी नेणं सुरू झालं. मुलगा पुण्याला कारखान्यात. त्याने आपली डिझेलची गाडी आष्टीला आणून ठेवली आणि सुनीता ती चालवू लागली. बटण दाबून सुरू होणारी, पडद्यावर नकाशा दाखवणारी गाडी. आबा मिस्किल होते. कोणी विचारलं की सांगायचे, "आठवड्यातून दोनदा मला धुवायला नेत्यात. इस्त्री तेवढी करत न्हाईत."

आक्का मागच्या सीटवर बसायची. थंडीच्या दिवसांत बटण पहिल्यांदा दाबलं की स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या मध्ये एक पिवळं वेटोळं पेटायचं. आतलं तापतंय, थांबा, अशी ती खूण. आक्का त्याला जिलेबी म्हणायची. "जिलेबी विझू दे, मंग दाब," असं ती दर वेळी सांगायची आणि सुनीता दर वेळी म्हणायची, "मला म्हाईत हाय, आत्याबाई."

एका मंगळवारी पहाटे जिलेबी विझली, सुनीताने बटण दाबलं, आणि गाडीने नुसता टक टक आवाज केला. पुन्हा दाबलं तर तेवढाही नाही. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून वायरी जोडून गाडी सुरू होईपर्यंत ऊन आलं. रुग्णालयात पोहोचले तेव्हा आबांचं मशीन दुसऱ्या रुग्णाला लावलेलं होतं. दुपारी कसंबसं मिळालं, तेही अर्धवट वेळ. डॉक्टरांनी सुनीताला बाजूला घेऊन सांगितलं, "अंगात पाणी राहिलंय. शुक्रवारी वेळेवर या. शुक्रवार चुकवून चालणार नाही."

बुधवारी सकाळी मी बँकेत निघाले तर आबा ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले. आडवं झालं की धाप लागत होती. पायांवर सूज दिसत होती. त्यांनी मला नेहमीसारखं काही चिडवलं नाही. लग्नसराई जोरात होती. शुक्रवारी पहाटे भाड्याची गाडी नक्की येईल असं गावात कोणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं. घरची गाडी सुरू व्हायलाच हवी होती, आणि त्यासाठी नवी बॅटरी हवी होती.

आक्का त्याच दिवशी एकटी बाजारात गेली. दत्ताचं बॅटरीचं दुकान तिच्या माहितीतलं. सगळ्या गावाच्या ट्रॅक्टरना तोच बॅटऱ्या देई. आक्काने दुकानात वळसा घातला, मागून पाहिलं, जन्म विचारला, आणि सगळ्यात थोराड बॅटरी उचलली. ट्रॅक्टरची. दत्ताने विचारलंही, "आक्का, कारसाठी ना?"

"डिझेलचीच हाय ना ती? मंग जोर लागतोय. मरतुकडं जनावर नको मला."

संध्याकाळी मी परतले तेव्हा अंगणात गर्दी होती. गाडीचं बॉनेट उघडं, आणि ती थोराड बॅटरी तिच्या जागेत बसत नव्हती. कडा अडत होत्या. वर ठेवली तर बॉनेट लागत नव्हतं. शिवाय वायरी जोडायचे तिचे दोन खांब उलट बाजूंना होते, त्यामुळे गाडीची वायर तिथवर पोहोचत नव्हती. आता गावात सल्ल्याची कमतरता नसते. एकजण म्हणाला, कप्पा कापून मोठा करा. दुसरा म्हणाला, वायरीला तुकडा जोडा. तिसरा सुतळीचं बंडल घेऊनच आला होता: "बॉनेट उघडं ठेवून बांधू. जालन्यापर्यंत काय होतंय!" विकलेला माल बसवून द्यायचा म्हणून दत्ताही कापायचं हत्यार घेऊन तयार होता.

"बॉनेट उघडं ठेवून मला रस्ता काय तुम्ही सांगणार का?" सुनीता त्या सुतळीवाल्यावर ओरडली.

आक्का पायरीवर बसून होती. तिचं काय अडलं होतं ते मला लगेच कळलं नाही. बॅटरी परत द्यायची, एवढंच तर होतं. सुनीता माझ्या कानाशी म्हणाली, "आत्याबाई माघारी देत न्हाई कधी. बाजारात नाव हाय तिचं."

मग उलगडलं. आक्काच्या बाजारात रिवाज असा, की जनावराच्या गळ्यातलं विकणाऱ्याचं दावं काढून घेणाऱ्याचं बांधलं, की व्यवहार संपला. पुढे जनावर आंधळं निघो की लंगडं, ते तुमचं. तुम्ही पाहून घेतलंत. आक्काने एकदा एका डोळ्याने आंधळा एडका घेतला होता आणि तो मरेपर्यंत खाऊ घातला होता. माघारी नेऊन सोडणं म्हणजे आपल्याला पारख नाही असं चारचौघांत कबूल करणं. वडिलांचे डोळे झालेल्या बाईला ते सोपं नव्हतं. ही बॅटरी तर तिने स्वतः, दत्ताने टोकल्यावरही, निवडलेली.

ओसरीवर आबांना खोकल्याची उबळ आली.

आक्का उठली. "दत्ता, हत्यार ठिव खाली. जनावर माघारी ने."

दत्ताला खरं वाटेना. "आक्का, तू माघारी देऊन राह्यली?"

"हां, मीच. जनावरात खोट न्हाई. माझ्या दावणीचं माप मी घेतलं न्हाई." मग जमलेल्यांकडे वळून, "बघितलं ना समद्यांनी? जावा आता घरी. ज्याला सांगायचंय त्यानं गावभर सांगा."

दत्ताने तिच्यासमोर मान खाली घातली, बॅटरी उचलली आणि निघून गेला. तो तिला कधी एका शब्दाने चिडवायला धजावला नाही.

त्यानंतर आक्का माझ्याकडे वळली. "मॅडमबाई, तुमची ती यादी काढा आता."

मी आणि सुनीताने जुन्या बॅटरीवरचा कागद पुसून वाचला, गाडीचं माहितीपुस्तक शोधलं आणि ओसरीच्या दिव्याखाली बसून सगळं लिहून काढलं. आक्काने मोठ्याने वाचायला लावलं. बॅटरीचा प्रकार कोणता. ती वीज किती साठवते. थंडीत एका झटक्यात किती जोर देते, कारण डिझेलचं इंजिन फिरवायला तो जास्त लागतो. लांबी, रुंदी, उंची. कोणता खांब कोणत्या हाताला. खाली आवळून धरणारी पट्टी कशी. शेवटी, बनवल्याची तारीख.

"वय शेवटी कामून?"

मी वय वर घेतलं. खरं तर त्याने काही बिघडत नव्हतं, पण दावणीचं माप मी घेतलं होतं, जनावराचं वय तिने विचारलं होतं, आणि आता आमची यादी पूर्ण झाली होती असं मला वाटलं.

गुरुवारी मी रजा टाकली. आबांजवळ शेजारीण बसली. पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा वायरी, आणि गाडी एकदा सुरू झाल्यावर आक्काने हुकूम काढला: जालना येईपर्यंत बंद करायची नाही. वाटेत परतूरला सुनीता म्हणाली, "आत्याबाई, चालू ठिवूनच थांबू. एक कप चहा."

"चहा उद्या बी भेटंल. चाल जल्दी."

नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बियाण्यांच्या कंपन्यांची ऑफिसं लागतात त्या बाजूला, सलीमभाईंचं दुकान होतं. माझ्या बँकेतल्या एकाने नाव सुचवलं होतं. सलीमभाईंनी माझी यादी घेतली, पण वाचायच्या आधी बाहेर येऊन गाडी पाहिली. ते आधी गाडीच्या मागे गेले आणि तिथलं मॉडेलचं नाव वाचलं. आक्काने मला कोपर मारलं.

"हिला साधी बॅटरी चालत न्हाई, मावशी," ते यादी वाचून म्हणाले. "बॅटरी धड असली की ही गाडी थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होतं, ब्रेक सोडला की आपोआप चालू. दिवसातून किती वेळा होत असेल. साधी बॅटरी घातली तर थोड्या दिवसांत दमून जाईल. जुनीचा जो प्रकार, तोच घ्यायचा. मॅडमनी बराबर लिहिलंय."

त्या प्रकारच्या दोन बॅटऱ्या दुकानात होत्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. मापं तीच, खांब त्याच हाताला. एक दर्शनी, काचेशेजारी ठेवलेली, झगमगीत. दुसरी आत खाली. आक्का वळसा घालून आत गेली, खाली वाकली आणि आम्ही वाट पाहत होतो तो प्रश्न आला.

"जन्म कधीचा?"

सलीमभाई हसले नाहीत. त्यांनी फडक्याने दोन्ही बॅटऱ्यांचे माथे पुसले आणि कोरलेली अक्षरं बोटाने दाखवली. "ही काचेजवळची गेल्या उन्हाळ्याआधीची. पडून राहिली की बॅटरी आतल्या आत उतरते, मावशी, वापरली न्हाई तरी. आणि ही खालची, नुकतीच आली."

"मंग शिळी पुढं कामून मांडली?"

"नाव मोठं आहे कंपनीचं. लोक नाव बघून घेतात."

"आणि तू देतो?"

"विचारलं तर सांगतो," सलीमभाई म्हणाले. मग जरा ओशाळून त्यांनी ती काचेजवळची उचलून आत नेली.

"तुझ्या घरच्या गाडीला कोणती हाय?" आक्काने पाठीमागून विचारलं.

"माझी स्कूटर आहे, मावशी! पायाने किक मारतो!"

मंगळवारपासून पहिल्यांदाच आक्का हसली. खालची बॅटरी ठरली. सलीमभाईंनी तिला मीटर लावून आकडा दाखवला, मी तो यादीशी ताडून पाहिला. जुनी बॅटरी काढून द्यायची वेळ आली तेव्हा आक्का म्हणाली, "जरा थांब," आणि तिच्या कडेला उचलायला बांधलेली नायलॉनची दोरी सोडून पिशवीत टाकली. सलीमभाई बघतच राहिले. "आमच्यात जनावर देत्यात, दावं देत न्हाईत," ती म्हणाली. तेही चाललं.

बॅटरी बसली, पट्टी आवळली, वायरी लागल्या. मला वाटलं झालं. माझ्या यादीतल्या सगळ्या ओळींवर खुणा झाल्या होत्या. तेवढ्यात सलीमभाई एक हातात मावणारं यंत्र घेऊन आले आणि ते स्टिअरिंगखाली जोडू लागले.

सुनीता लगेच सावध. "हे आणि कशाला? खर्चा वाढवायला का?"

"नाही बहिणी. गाडीच्या आत कॉम्प्युटर आहे ना, त्याला अजून वाटतंय जुनीच बॅटरी आहे. जुनी थकलेली होती, तर तिला तो त्या हिशोबाने चार्ज करायचा. नवीलाही तसाच करत राहील आणि नवी लवकर खराब होईल. त्याला सांगावं लागतं, बाबा, आता नवी आली."

"गाडीला सांगायचं?" सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या यादीकडे पाहिलं. तिथे ही ओळ नव्हती. मी बँकेतली बाई. जोडून दिलेली जादा कलमं पाहिली की माझ्याही मनात शंका येते. मी विचारणारच होते की हे नाही केलं तर चालणार नाही का.

"बराबर सांगून राह्यला तो," आक्का म्हणाली.

आम्ही तिघेही तिच्याकडे पाहू लागलो.

"कोकराची आई मेली की ते दुसऱ्या मेंढीला लावावं लागतंय. नुसतं पुढं सोडलं तर ती ढुशी मारती. तिला काय ठावं हे कोण? मंग तिचंच दूध काढून कोकराच्या अंगाला चोळायचं. तिनं हुंगलं, तिला पटलं, की मंग बिलकुल पाजती. न्हाईतर कोकरू उपाशी." तिने यंत्राकडे बोट दाखवलं. "चोळ बाबा. नीट चोळ."

सलीमभाईंच्या हातातलं यंत्र तसंच राहिलं. "मावशी, मी गिऱ्हाईकांना सांगून सांगून थकलो. कोणाला पटत न्हाई. उद्यापासून हेच सांगतो."

"शहरातल्या लोकांला कोकरू कुठं ठावं?"

"मंग त्यांना तुमच्याकडे पाठवतो."

यंत्रावर हिरवी खूण आली. सुनीताने बटण दाबलं आणि गाडी एका दमात सुरू झाली. आक्काने बंद करायला लावली. पुन्हा सुरू. पुन्हा बंद. सलीमभाईंनी शेवटी हात जोडले, "बस करा मावशी, ती पण दमेल!" तेव्हा कुठे आक्का मागच्या सीटवर बसली. परतूरला तिने स्वतःहून गाडी थांबवायला सांगितली, इंजिन बंद करून. आम्ही तिघींनी चहा घेतला. तिचा पुन्हा पुन्हा गाडीकडे जाणारा डोळा सोडला तर ती निवांत दिसत होती.

शुक्रवारी पहाटे कडाक्याची थंडी होती. आबांना दोघी धरून घेऊन आल्या आणि पुढे बसवलं. श्वास मोठ्याने येत होता. आक्का मागे बसली नाही. ती गाडीसमोर उभी राहिली आणि तिने बॉनेटवर पंजा टेकला, जनावराच्या पाठीवर टेकावा तसा. जिलेबी पेटली. विझली. गाडी सुरू झाली. आक्काने पंजा तसाच ठेवून क्षणभर थरथर हाताला लागू दिली, मग झटकन मागे जाऊन बसली.

मी अंगणातच राहिले. बँकेची वेळ व्हायला अवकाश होता, आणि करण्यासारखं असं यादीत काही उरलेलं नव्हतं. शेजारणीने विचारलं, चहा ठेवू का, तर मी नको म्हणाले आणि लगेच ठेव म्हणाले. सुनीताचा फोन आला तेव्हा दोनच शब्द होते: "मशीन लागलं." मी पायरीवर बसले. पाय थंड पडले होते ते तेव्हा जाणवलं.

त्या संध्याकाळी आक्का जिना चढून माझ्या दारात आली. एरवी ती खालूनच हाक मारायची.

"झोपलेत," ती म्हणाली. "आडवे."

एवढं सांगून ती खाली गेली.

त्यानंतर कितीतरी आठवडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी खिडकीतून तेच पाहायचे. आक्का गाडीसमोर उभी, पंजा बॉनेटवर, चेहरा ताठ. गाडी प्रत्येक वेळी सुरू व्हायची आणि प्रत्येक वेळी तिचे खांदे जरा उतरायचे. सुनीता आतून ओरडायची, "आत्याबाई, बाजूला व्हा, न्हाईतर तुम्हाला घेऊनच जाते!"

पावसाळा संपता संपता माझी बदली संभाजीनगरला झाली. निघायचा दिवस नेमका शुक्रवार होता. सामान आदल्या दिवशी बांधून झालं होतं, आणि पहाटे मी त्यांना निरोप द्यायला शाल गुंडाळून खिडकीशी उभी राहिले, कारण आक्काने आधीच सांगितलं होतं, "निरोपबिरोप मला जमत न्हाई, मॅडमबाई. वरूनच हात करा."

अंगणात आक्का आबांशी भांडत होती. त्यांना मफलर नको होता आणि तिला तो गुंडाळायचाच होता. "उकडतंय मला!" आबा म्हणत होते. "उकडू दे! धुवायला चाललात ना, मंग घाम येऊ दे!" ती त्यांच्या मागे जाऊन गाठ मारत होती, ते मान वळवून चुकवत होते. सुनीताने गाडीत बसून बटण दाबलं. इंजिन सुरू झालं.

आक्काने मान वर केली नाही. तिची पाठ गाडीकडे होती. तिने ते ऐकलंसुद्धा नसावं. ती गाठच मारत राहिली.